तीन मुद्द्यांचा उपदेश

बायबलातला पेरणाऱ्याचा दाखला देऊळगाव राजात सांगायला पुस्तक लागू नये. या तालुक्यात शेडनेटखाली मिरची-टोमॅटोचे बियाणे पिकते. सकाळी बाया चिमट्याने कळी उघडून क्रॉसिंग करतात आणि एका फळातून किती बी निघावे हे त्यांना तोंडपाठ असते. अशा श्रोत्यांसमोर पाळक उभा राहतो आणि ‘उपदेशाच्या रूपरेषा’ छापाच्या पुस्तकातून अमेरिकेतल्या गव्हाच्या शेताचे उदाहरण वाचून दाखवतो. मुद्दे तीन. मूळ इंग्रजीत ते एकाच अक्षराने सुरू होत असणार, मराठीत तेवढी गंमतही उरलेली नाही.

भक्ती आणि उपदेश या सदराखाली अलीकडे मराठीत जे छापले जाते, त्यातले बरेचसे याच जातकुळीचे आहे. विजयी जीवनाच्या पायऱ्या, आशीर्वादाच्या किल्ल्या, यशस्वी प्रार्थनेची सूत्रे! या पुस्तकांवर याहून जास्त शाई खर्चण्यात अर्थ नाही.

मग वाचावे काय? हरि केशवजींचे ‘यात्रिकक्रमण’ (1841) अभ्यासकांकडे राहू द्या. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त प्रामाणिकपणा आहे, पण वाद जिंकण्याची घाईही आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ (2010) प्रत्येक घरात असावे. साहित्य अकादमीने त्याची दखल घेतली आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आले, हे योग्यच झाले. मात्र तो वाचण्याचा ग्रंथ आहे. माझा ओढा आहे तो मोठ्याने म्हणायच्या, ऐकवायच्या पुस्तकांकडे.

त्या परंपरेचा पहिला मानकरी एक इंग्रज जेझुइट. थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले, पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. जवळजवळ अकरा हजार ओव्या. जुनी पुराणे सुटली, आता ऐकायचे काय, असे नवख्रिस्ती विचारत होते. त्यांना पुराणच हवे होते. स्टीफन्सने त्यांना प्रश्नोत्तरी देऊन बोळवले नाही. त्याच्या कथेत श्रोता मध्येच शंका काढतो, पाद्री तिचे निरसन करतो आणि कथा पुढे सरकते. उपदेश ही दोघांची गोष्ट आहे हे त्याला कळले होते. शांताराम बंडेलूंनी 1956 मध्ये त्याची देवनागरी आवृत्ती काढली, म्हणजे लिपीची सबबही संपली.

नारायण वामन टिळकांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्याआधी नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले होते. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. ‘अभंगांजली’ची वही उघडा आणि मोठ्याने म्हणा; टाळ आपोआप ऐकू येतात. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्याकडून अपुरे राहिले, ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेत न गेलेल्या बाईने महाकाव्याचे ओझे उचलले, याचे आपल्याला पुरेसे आश्चर्यही वाटत नाही.

माझ्या मते मराठीतले सर्वांत प्रभावी ख्रिस्ती भक्तिपर पुस्तक याच लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आहे आणि ते भक्तीच्या कपाटात कोणी ठेवत नाही. नवऱ्याने धर्म बदलल्यावर ही बाई काही वर्षे वेगळी राहिली, रडली, भांडली, सोवळे पाळत राहिली. जातिभेद माणसाने केलेला आहे हे तिला आधी पटले, ख्रिस्त मागून आला; बाप्तिस्मा 1900 मध्ये. तिने आपला विरोध झाकला नाही, म्हणून तिची श्रद्धा खरी वाटते. रूपरेषेच्या पुस्तकांत शंका पहिल्या मुद्द्यात येते आणि दुसऱ्यात मरते.

केडगावला पंडिता रमाबाईंनी वेगळी वाट धरली. हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या बायकांच्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये बाहेर आले. टिळक संतांकडे गेले, रमाबाई पंडिती भाषेपासून दूर गेल्या. समोर बसलेल्या माणसाचा कान मात्र दोघांनीही ओळखला.

यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला, ओवी-अभंग हा हिंदू पेहराव. मग तबला-पेटीवरची उपासनासंगीताची गाणीही सोडा आणि ऑर्गन मागवा! दुसरा आक्षेप गंभीर आहे. टिळकांची भक्ती हा ब्राह्मणी वारसा, आणि आपल्या मंडळ्या तर बहुतांशी गावकुसाबाहेरच्या. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेले बेथेल असो की बुलढाण्यातल्या मंडळ्या, हे खरेच आहे. पण अभंग ब्राह्मणांचा कधीपासून झाला? चोखोबांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे मेहुणा राजा याच तालुक्यात आहे. देवळाच्या पायरीबाहेर उभे राहून देवाला जाब विचारणारी ती वाणी कोणाची? ती परकी आणि परदेशी रूपरेषा आपली, हे मला कोणी पटवून द्यावे. चोखोबांच्या तालुक्यातल्या पाळकाला अभंग उसना घ्यावा लागत नाही. तो वारसा त्याचाच आहे आणि तो नाकारणे म्हणजे आपल्याच आजा-पणज्यांना दुसऱ्यांदा गावाबाहेर काढणे आहे.

प्रकाशकांनी भाषांतरित पायऱ्या आणि किल्ल्या पाच वर्षे थांबवाव्यात आणि तो कागद ‘ख्रिस्तायना’च्या स्वस्त आवृत्तीला द्यावा. आणि पाळकसाहेब, येत्या रविवारी रूपरेषा घरी ठेवा. शनिवारी संध्याकाळी शेडनेटवरून परतणाऱ्या एखाद्या बाईला विचारा, बी वाया कसे जाते. ती सांगेल तोच तुमचा पहिला मुद्दा; दुसऱ्या-तिसऱ्याची गरज बहुधा पडणार नाही.