फाइल ‘अजून नाही’ की ‘कधीच नाही’?

लिनक्स सुरू होतानाचा कर्नलचा लॉग कधी नीट वाचलाय? इंटेलचं वायफाय कार्ड असेल तर तुम्हाला कदाचित अशा दोन-चार ओळी दिसल्या असतील: अमुक फर्मवेअर थेट लोड करता आलं नाही, एरर उणे २. आणि त्याच्याच खाली वायफाय मस्त चालू झालेलं! ड्रायव्हर आधी सर्वांत नवी आवृत्ती मागतो, नाही मिळाली की एक पायरी खाली उतरतो. त्यामुळे ही ओळ खोटी नसते, पण वाचणाऱ्याला तिच्यातून काहीच कळत नाही.

हे लॉगच्या शब्दांचं किरकोळ दुखणं नाही. मूळ डिझाइनमध्येच गोम आहे, आणि आज त्या डिझाइनवरच टीका करायची आहे.

आधी काम कसं चालतं ते बघू. बऱ्याच चिपच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, पण त्याचा प्रोग्रॅम कायमचा साठवायला जागा नसते. वीज गेली की पाटी कोरी. म्हणून ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन चालू झालं की ते ‘रिक्वेस्ट फर्मवेअर’ या फंक्शनला फाइलचं नाव देतं. कर्नल ती /लिब/फर्मवेअर या फोल्डरमध्ये आणि त्याच्या ठरलेल्या उपफोल्डरमध्ये शोधतो, मेमरीत आणतो, आणि ड्रायव्हर ती चिपमध्ये भरतो.

पण डिस्क माउंट व्हायच्या आधीच ड्रायव्हर जागा झाला तर? फाइल आहे, पण ती ज्या डिस्कवर आहे तीच अजून दिसत नाही. उत्तर येतं उणे २, म्हणजे अशी फाइल नाही. फाइल कुणी इन्स्टॉलच केली नसेल तरी उत्तर तेच. थांबावं की नाद सोडावा, हे ड्रायव्हरनं ठरवायचं कशावरून?

२०१२ पर्यंत यावर जुना तोडगा होता. कर्नल स्वतः फाइल न वाचता यूडेव्हला सांगायचा आणि ६० सेकंदांपर्यंत वाट बघायचा. मग यूडेव्हच्या एका नव्या आवृत्तीत असं झालं की ड्रायव्हर लोड करणारं काम फर्मवेअरची वाट बघतंय, आणि फर्मवेअर आणून देणारं काम पहिलं संपायची वाट बघतंय. मशीन बूट होताना नुसतं बसून राहायचं. लिनस टॉरवल्ड्स यूडेव्हवर चांगलेच भडकले, आणि त्याच वर्षीच्या ३.७ कर्नलपासून कर्नल फाइल थेट वाचू लागला. २०१४ मध्ये सिस्टिमडीच्या २१७ आवृत्तीत यूडेव्हमधला तो कोडच काढून टाकला गेला.

माझ्या मते निर्णय बरोबर होता, पण अर्धा. वाट बघण्याची वाईट पद्धत गेली, आणि तिच्यासोबत वाट बघण्याची कल्पनाही जवळपास गेली. आता भार इनिट्रॅमएफएसवर: लवकर लागणारं फर्मवेअर त्यात आधीच भरून ठेवा. कोणतं भरायचं? ड्रायव्हरच्या कोडमध्ये ‘मॉड्यूल फर्मवेअर’ या मॅक्रोनं नावं लिहिलेली असतात, ती वाचून. ही यादी माणसानं हातानं लिहिलेली. ड्रायव्हर प्रत्यक्षात जी नावं मागतो ती सगळी यादीत असलीच पाहिजेत, अशी सक्ती कर्नल करत नाही. काही ड्रायव्हर तर नाव चालू असतानाच जुळवतात. एक नाव निसटलं की ग्राफिक्स कार्ड काळा पडदा दाखवतं, आणि फाइल डिस्कवर आरामात पडलेली असते.

सुरक्षेची बाजूही अशीच लंगडी. कर्नल मॉड्यूलची डिजिटल सही तपासायची सोय कर्नलमध्येच आहे. पण डिव्हाइसमध्ये जाणाऱ्या फर्मवेअरसाठी लोडरमध्ये तशी सर्वसाधारण सोय नाही. वायफायच्या देशनिहाय नियमांची फाइल याच लोडरमधून येते, पण तिची सही तपासतो तो वायरलेसचा कोड, आपल्यापुरती. बाकी तपासणी चिपनं करायची, केली तर.

रिसर्च प्रपोजलसाठी विषय शोधत असाल तर मला इथे दोन प्रश्न दिसतात. कोडचं स्टॅटिक विश्लेषण करून ती हातानं लिहिलेली यादी किती अपुरी आहे हे मोजता येईल का? आणि ‘अजून नाही’साठी वेगळा एरर दिला, तर किती ड्रायव्हर त्याचा नीट उपयोग करतील? प्रोब पुढे ढकलायची सोय कर्नलमध्ये आधीपासून आहे, घड्याळ किंवा वीजपुरवठा अजून तयार नसला की ड्रायव्हर ती वापरतात. फर्मवेअरची फाइलसुद्धा तशीच एक अवलंबून असलेली गोष्ट का मानली जात नाही, यावर मला अजून पटणारा युक्तिवाद सापडलेला नाही. तुम्हाला सापडला तर जरूर कळवा.