गेडिसचे इंदूर आणि आजचा रस्ता

इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्यावर बससाठी राखून ठेवलेली मार्गिका काढून टाकावी, असा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतची ही सुमारे साडेअकरा किलोमीटरांची मार्गिका मे २०१३ मध्ये सुरू झाली होती. जी व्यवस्था मोठ्या खर्चाने उभारली ती बारा वर्षांच्या आत मोडावी लागते, ही गोष्ट केवळ इंजिनियरांनी विचार करण्याची नव्हे. रस्ता कोणाचा, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. ज्या समाजाची पालखी, दिंडी आणि विसर्जनाची मिरवणूक पिढ्यान् पिढ्या रस्त्यानेच जात आली, त्याने हा प्रश्न इतरांवर सोपवून स्वस्थ बसावे, असे आम्हांस वाटत नाही. सुदैवाने त्याचा ऊहापोह करणारा एक ग्रंथ शंभर वर्षांपूर्वी इंदूरसाठीच लिहिला गेला आहे. त्याचे गुणदोष पाहावे आणि त्या प्रकाशात आजचा रस्ता तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ग्रंथकार पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हा स्कॉटलंडचा, मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली तो नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात आला आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. इंदूरच्या होळकर दरबारासाठी त्याने लिहिलेला अहवाल ‘टाउन प्लॅनिंग टुवर्ड्स सिटी डेव्हलपमेंट’ या नावाने १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. ग्रंथ म्हणून त्यात दोष नाहीत असे नाही. गटारे, उंदीर आणि बागा यांवरून निघालेली लेखणी थेट विद्यापीठाच्या ध्येयापर्यंत जाऊन पोचते. लेखकास विषयांतराचा मोह आवरत नाही, आणि कार्यवाहीचा हिशेब मागणारा वाचक मध्येच थकतो. परंतु एक गुण असा आहे की त्यापुढे हे सर्व दोष क्षम्य ठरावेत. हा मनुष्य शहर नकाशावर पाहण्यापूर्वी गल्लीबोळांतून पायी हिंडून पाहतो.

या पायी हिंडण्यातूनच त्याचा सिद्धान्त निघाला. दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता आरपार काढणे म्हणजे नगरसुधारणा, या त्या काळच्या समजुतीस त्याचा विरोध होता. घरे पाडली म्हणजे उठविलेली माणसे शेजारच्या मोहल्ल्यात दाटी करतात आणि रोग जागा बदलतो, एवढेच. असे तो हिंदुस्थानातील आपल्या अहवालांतून पुनःपुन्हा बजावतो. त्याचा उपाय जपून केलेल्या शस्त्रक्रियेचा होता. एखादे पडके घर काढावे, विहिरीभोवतीची वा देवळासमोरची मोकळी जागा जोडून घ्यावी, झाड लावावे, आणि राहत्या माणसास शक्य तो उठवू नये. दक्षिणेतील देवळांभोवतालच्या रथवीथींचे त्यास मोठे कौतुक वाटे, तेही याच दृष्टीमुळे. मदुरेस मीनाक्षीच्या देवळाभोवती एकाबाहेर एक असे जे रस्ते आहेत, त्यांस तमिळ महिन्यांची नावे आहेत. त्या रस्त्यांची रुंदी उत्सवाच्या गरजेतून आली, वेगाच्या नव्हे.

इंदुरात प्लेगचा उपद्रव होता. तेथे १९१७ च्या दिवाळीत गेडिसने जे केले, ते त्याच्या कोणत्याही प्रकरणापेक्षा अधिक बोलके आहे. त्याने मिरवणूक काढविली आणि जाहीर केले की, ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत अधिक झाडलेली आणि दुरुस्त केलेली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. घरोघर झाडझूड सुरू झाली. मिरवणुकीत झाडूवाले शुभ्र वेषात, मानाने चालले. अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे शेवटी दहन झाले. वाटण्यासाठी तुळशीची रोपे होती. परका मनुष्य, पण आपल्या उत्सवाचे सामर्थ्य त्याने किती अचूक ओळखले! ज्याच्या दारावरून देव जावयाचा, तो आपले दार आपणच झाडतो. मडगावच्या हरिमंदिरातून निघणारी दिंडी ज्यांनी पाहिली आहे, त्या आमच्या गोव्यातील वाचकांस हे वेगळे सांगावयास नको.

ग्रंथातील हा अर्धा धडा इंदूरने पुढे खरा करून दाखविला, असे म्हणावयास हरकत नाही. देशाच्या स्वच्छता-सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिला क्रमांक या शहराने मिळविला. शेवटच्या वेळी सुरत त्यात बरोबरीची वाटेकरी होती. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा, दारी आलेल्या गाडीत टाकावा, ही शिस्त घराघरांनी उचलली म्हणून हे घडले. गृहस्थास कामात वाटेकरी केले की काम टिकते, हे गेडिसचेच सूत्र होय.

दुसरा अर्धा मात्र बाजूस राहिला. बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंतच्या जुन्या वस्तीत रुंदीकरणासाठी घरांचे दर्शनी भाग कापले गेले. ओटा गेला, म्हणजे केवळ दगड गेला नाही. संध्याकाळी वृद्धांनी बसावयाची, मिरवणुकीत बायकामुलांनी उभे राहावयाची जागा गेली. रस्ता रुंद झाला, परंतु त्या रुंदीत पायी चालणाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच.

बसमार्गिकेची परीक्षाही याच कसोटीवर झाली पाहिजे. तिची मूळ कल्पना आम्हांस न्याय्य वाटते. एका बसमध्ये साठ माणसे असतील तर त्यांस रस्त्याचा एक पट्टा द्यावा, यात अन्याय कोणता? ज्याच्या दारी मोटार नाही त्या विद्यार्थ्याचा, दुकानातील नोकराचा, देवदर्शनास निघालेल्या आजीबाईंचा तो पट्टा होता. दोष कल्पनेत नसून मांडणीत होता. थांबे रस्त्याच्या मधोमध. त्यांकडे जाणाऱ्यास दोन्ही वेळा मोटारींचा प्रवाह ओलांडणे प्राप्त. बसमध्ये बसलेल्याचा विचार झाला, पण बसपर्यंत चालत येणाऱ्याचा तितका झाला नाही. मोटारवाल्यास तर तो पट्टा आपल्या मालकीतून हिरावून घेतल्यासारखा वाटला. ज्या व्यवस्थेस रस्त्याकाठी कोणी आपली म्हणणारा नाही, ती वादाच्या पहिल्या लाटेत डळमळते. आदेश न्यायालयाचा, त्याविषयी आमचा वाद नाही. परंतु कठडे निघाल्याने मोटारीस जागा मिळेल, पायी चालणाऱ्यास मिळेलच असे नाही.

येथे गेडिसलाही प्रश्न विचारला पाहिजे. त्याची मिरवणूक एका दिवसाची, आणि तिच्यामागे दरबाराचे पाठबळ होते. २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांवर गेलेल्या शहरास रोज सकाळी कामावर पोचवावयाचे, ते उत्सवाने साधत नाही. त्यास वेळेवर येणारी बसच लागते. रोजच्या वाहतुकीचे उत्तर या ग्रंथात शोधणाऱ्याची निराशा होईल. ही त्याची खरी मर्यादा.

आता मेट्रो आली आहे. ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीस, तिचा पहिला सुमारे सहा किलोमीटरांचा भाग पाच स्थानकांसह खुला झाला, तो वायव्येकडील सुपर कॉरिडॉरवर, जुन्या शहरापासून दूर. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली, तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या अजून निघतात आणि रात्रभर लाखो लोक रस्त्यावर उभे असतात. त्या एका रात्री रस्ता पायी माणसाचा असतो. उरलेल्या दिवसांत त्यास पदपथ शोधावा लागतो. रस्त्याची पुढची योजना आखणाऱ्यांनी गेडिसचा अहवाल वाचावाच. पण त्याहून आधी, राजवाड्यापासून बडा गणपतीपर्यंत, एखाद्या सत्तर वर्षांच्या आजीबाईंच्या बरोबरीने, त्यांच्या चालीने एकदा चालावे, आणि त्यांस जेथे थांबावे लागेल तेथे नकाशावर खूण करावी. देवळाच्या विश्वस्तांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी ती खूण स्वतःच करून नगरपालिकेकडे नेली, तर आम्हांस अधिक आनंद होईल.