रिता किल्ला आणि आईचा वेढा

उपमा हा केवळ भाषेचा अलंकार आहे अशी आपली समजूत असते. परंतु कांहीं उपमा माणसांच्या घरांत शिरतात आणि तेथें न्यायाधीश होऊन बसतात. १९६७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेलीं दोन पुस्तकें एकापाठोपाठ वाचलीं असतां ह्याचा चांगला प्रत्यय येतो. एक, ब्रूनो बेटलहाइम यांचें 'दि एम्प्टी फोर्ट्रेस', म्हणजे 'रिता किल्ला'. दुसरें, क्लारा क्लेबोर्न पार्क यांचें 'दि सीज', म्हणजे 'वेढा'. दोहोंचा विषय एकच: ज्यांना आपण मराठींत स्वमग्न म्हणतों तीं मुलें आणि त्यांचीं घरें.

बेटलहाइम हे शिकागो येथील एका निवासी शाळेचे संचालक. नाझींच्या डाखाउ व बुखेनवाल्ड येथील छावण्यांतून ते सुटून आलेले होते. छावणींतील कैदी आशा सोडून जसा स्वतःच्या आंत मिटून जातो, तसेंच हें मूल मिटलें आहे असें त्यांनीं मानलें. आणि कैदी म्हटला कीं पहारेकरी आलाच. ती जागा त्यांनीं आईबापांना, विशेषतः आईला, दिली. हें मूल नसतें तर बरें, अशी आईबापांच्या मनांत दडलेली इच्छा हेंच त्यांच्या मतें अनर्थाचें मूळ. म्हणून मुलाला त्यांच्यापासून दूर ठेवणें हा उपचार. लेखन मात्र अतिशय मोहक. स्वतःला यंत्र समजणाऱ्या ज्योईची हकीकत कादंबरीसारखी खिळवून ठेवते. ग्रंथाचा खरा दोष मला ह्या मोहिनींतच दिसतो. ती पुराव्याची उणीव झांकून टाकते. बर्नार्ड रिमलंड यांनीं १९६४ सालींच ह्या अवस्थेचें मूळ शरीररचनेंत शोधावें असें प्रतिपादिलें होतें. १९७७ सालीं सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनीं जुळ्या भावंडांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. अशा मुलांच्या मेंदूची घडणच निराळी असते, आणि आईवरचा आरोप शास्त्रानें केव्हांच निकालांत काढला आहे.

येथें मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. परीकथांवरील बेटलहाइम यांच्या ग्रंथाचा मी विद्यार्थिदशेपासून चाहता. सुमारें वीस वर्षांपूर्वीं माझ्या भाचीच्या मुलास स्वमग्नता असल्याचें निदान झालें, तेव्हां मोठ्या विद्वत्तेच्या ऐटींत मीं तिला 'रिता किल्ला' वाचावयास दिला. मीं स्वतः तो पुरता वाचलेलाही नव्हता. पंधरा दिवसांनीं तिनें तो परत आणून दिला आणि एवढेंच विचारलें, "मामा, तुम्हांलाही असेंच वाटतें का?" मला उत्तर सुचलें नाहीं. तें आज देत आहें.

पार्कबाई इंग्रजीच्या अध्यापिका. १९५८ सालीं जन्मलेली त्यांची चौथी मुलगी, जिला पुस्तकांत एली म्हटलें आहे, जमिनीवरील एखाद्या ठिकाणाभोंवतीं रांगत फिरत राही, आणि त्यांतच तिचा आनंद पुरा होई. तिच्याभोंवतींचा तट प्रेमाच्या वेढ्यानें उघडावयाचा, ही पार्कबाईंची कल्पना. परंतु प्रत्यक्षांत त्या काय करितात तें पाहावें. मुलगी नळ स्वतः फिरवीत नाहीं. आईचा हात धरून तो हत्यारासारखा वापरते. आई रागावत नाहीं, आणि नळ फिरवून देऊन मोकळीही होत नाहीं. ती मुलीच्या हातावर आपला हात ठेवते आणि दोघी मिळून नळ फिरवितात. मग हळूहळू आई आपला जोर कमी करीत जाते. ह्याला वेढा कोण म्हणेल? वेढ्यांत रसद तोडतात. येथें ती पुरविली जात आहे.

आजचे जाणते शिक्षकही हेंच सूत्र सांगतात. मूल कानांवर हात ठेवून किंचाळूं लागलें, तर त्याला गप्प कसें करावें ह्याआधीं त्याला काय सोसवत नाहीं हें शोधावें. गोंगाट असेल, झगझगीत प्रकाश असेल, ठरलेला क्रम अचानक मोडला असेल. तेथें आधीं परिस्थिति बदलावी. बोलतां येत नसेल तर चित्रें दाखवून मागावयास शिकवावें. शिक्षेनें वागणूक दबते, तिच्यामागची गरज तशीच राहते. हीच दृष्टि घरालाही लावली पाहिजे. एका संस्थेंत आपणांस परकेपणाची वागणूक कशी मिळाली, आणि लंडनमधील हॅम्पस्टेडच्या चिकित्सालयांत आपल्या अनुभवाला मान कसा मिळाला, हें पार्कबाईंनीं कडवटपणा न आणतां लिहिलें आहे. आईवर संशय ठेवून मुलाला आधार देतां येत नाहीं, हा त्या प्रकरणाचा बोध होय.

पुस्तक निर्दोष आहे असें नाहीं. मुलीचें दौर्बल्य, बहिरेपण, एकाकीपण हें जणू तिनें बुद्ध्याच पत्करलें आहे, असें प्रकरणांचे मथळेच सुचवितात. तटाची उपमा पार्कबाईंनाही पुरती सुटलेली नाहीं. १९९३ सालीं, स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांनीं आईबापांना बजाविलें कीं कवचाच्या आंत दुसरें कोणी 'नेहमीचें' मूल कोंडलेलें नाहीं. समोर आहे तेंच तुमचें मूल. पार्कबाईंच्या २००१ सालच्या 'एक्झिटिंग निर्वाण' ह्या पुस्तकांत ती मुलगी प्रौढ झालेली दिसते. ती चित्रें काढते, नोकरी करते, आणि निराळी ती निराळीच राहते. ह्या पुस्तकाच्या नांवांतून युद्धाची भाषा गेली आहे, हें मला महत्त्वाचें वाटतें.

आपला 'स्वमग्न' हा शब्द ऐकावयास सौम्य आहे, पण तोही दार आंतून लावलेलें आहे असेंच सांगतो. "आईनेंच लाडावून ठेवला आहे," हें वाक्य तर आपल्या लग्नघरांत आजही सहज ऐकूं येतें. तें उच्चारणारा प्रत्येकजण, बेटलहाइमचें नांवही न ऐकतां, त्यांचाच ग्रंथ वाचून दाखवीत असतो. माझ्या भाचीला मीं पार्कबाईंचें पुस्तक नुकतेंच पाठविलें. ह्या वेळीं तें आधीं स्वतः वाचलें होतें, आणि पहिल्या पानावर लिहिलें: "नाहीं, मला तसें वाटत नाहीं. उत्तरास उशीर झाला. मामा."