कौटिल्याचें मृगवन आणि प्रौढ नराचीं शिंगें

मोठ्या शिंगांचे प्रौढ नर तयार व्हावेत म्हणून कुरण, पाणी व झाडोरा यांची व्यवस्था लावून राखलेलीं शिकारी रानें पश्चिमेकडे आज पुष्कळ आहेत. त्यांचें मूळ आपल्या अर्थशास्त्रांतील मृगवनांत दाखविण्याचा मोह कित्येकांस होतो. राजानें हरिणांसाठीं रान करवावें असें कौटिल्य सांगतो, तेव्हां ही विद्या आमचीच, असा हा युक्तिवाद आहे. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापिल्यापासून मूळ पाठ सर्वांस उपलब्ध आहे. तो समोर ठेवला असतां हा अर्थ टिकत नाहीं.

मृगवनाचीं लक्षणें दुसऱ्या अधिकरणाच्या दुसऱ्या अध्यायांत आहेत. एकच दार, भोंवतीं खंदक, गोड फळांचीं झुडपें, बिनकाट्याचे वृक्ष, उथळ पाणवठे, माणसाळलेले पशु आणि नखें व दाढा मोडलेलीं श्वापदें. फळें व पाणी पाहून वाचक भुलतो. पण काटे कां नकोत? आमच्या खानदेशांत चिंकाऱ्याचें रान म्हणजे बोरी-बाभळी-हिवरांचें; पाला व शेंगा तो त्यांच्याच खातो. काटा हरिणास बाधत नाहीं, राजाच्या पायास बाधतो. पाणी उथळ तेंही राजा बुडूं नये म्हणून. ‘विहारार्थ’ हा शब्द ग्रंथकारानें उगीच घातलेला नाहीं. (याच धरणगांवीं १८२५ सालीं औट्रमनें भिल्ल पलटण उभारली व भिल्लांना बरोबर घेऊन वाघ मारिले. त्यानें दाढा मोडण्याचे श्रम घेतले नाहींत इतकेंच!)

आतां शिंगांविषयीं. सांबर व चितळ यांचीं शिंगें गळून पुन्हां येतात, काळविटाचीं कायमचीं असतात. परंतु नर पुरता वयांत आल्यावांचून कोणाचेंहि शिंग पूर्णत्वास जात नाहीं. म्हणून तरुण नर राखणें व चाऱ्याच्या मानानें माद्यांची संख्या बेताची ठेवणें, हें त्या विद्येचें सार होय. मृगवनाच्या वर्णनांत वयाविषयीं एक शब्द नाहीं. शिंग भेटतें तें कुप्याध्यक्षाच्या प्रकरणांत, हाडें, खूर व शेपट्या यांच्या रांगेंत, कोठारांत जमा करावयाचा माल म्हणून.

वादाचें खरें स्थळ सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत आहे. मृग व पशु यांच्या मांसविक्रीचे नियम सांगून कौटिल्य ‘एषाम्’ या सर्वनामानें वत्स, वृष व धेनु यांस अवध्य ठरवितो. हे तिन्ही शब्द गुरांस रूढ आहेत. तथापि सर्वनामाचा अन्वय मृगांशींहि लागतो, हें व्याकरणदृष्ट्या मला मान्य करणें भाग आहे. पण तसें घेतल्यास अवध्य ठरतो तो कळपांतील ऐन भरांतला नर! शिकारी ज्याच्यासाठीं वर्षें मोजतो त्यालाच येथें अभय, आणि मारणारास पन्नास पणांचा दंड. उद्यां शिकारीस शास्त्राधार शोधणारानें हें स्थळ आधीं पहावें.

मृगवनास आजचें अभयारण्य म्हणणारेहि चुकतात. जिवंत धरलेल्या पक्षी व मृगांचा सहावा भाग सोडावयाचा तो अभयवनांत. आणि सर्व प्राण्यांस अतिथि मानणारें सीमेवरील रान तर त्याच दुसऱ्या अध्यायांत निराळें सांगितलें आहे. यांतील कोणतेंहि एक दुसऱ्याचें काम करीत नाहीं.

कांगले यांच्या १९६० च्या संशोधित आवृत्तीवरून वरील स्थळें कोणासहि ताडून पाहतां येतील. ज्यांच्या संग्रहीं अर्थशास्त्रावरील जुन्या टीकांचीं पानें असतील, त्यांनीं ‘एषाम्’ या पदाची व्याख्या तेवढी पाहून कळवावी, अशी विनंति आहे.