जामीनदार कोण आणि जबाबदार कोण? : १८५० च्या बाराव्या कायद्याची चिकित्सा

वसाहतकालीन प्रशासनाचा इतिहास शिकवताना अधिकाऱ्यांच्या परीक्षा, पगार आणि बढत्या यांची चर्चा होते. सरकारी पैसा हाताळणाऱ्या माणसाकडून जे तारण लिहून घेतले जाई, त्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना संमत झालेला १८५० चा बारावा कायदा, म्हणजेच ‘पब्लिक अकाउंटंट्स डिफॉल्ट ॲक्ट’, हा या व्यवस्थेचा महत्त्वाचा दस्तऐवज होय. तो अगदी थोड्या कलमांचा असल्याने वर्गात शब्दशः वाचता येण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने केली आहे. सार्वजनिक पैशाच्या नुकसानीचा भार या कायद्याने नेमका कोणावर टाकला?

१. कायद्याचा आशय

पहिल्या कलमानुसार प्रत्येक हिशेबी अधिकाऱ्याने आपले काम नीट पार पाडण्याबद्दल आणि हाती येणाऱ्या सर्व रकमांचा चोख हिशेब देण्याबद्दल तारण द्यावयाचे आहे. दुसऱ्या कलमानुसार एखाद्या पदासाठी वेगळा कायदा नसेल तर तारणाची रक्कम, त्याचा प्रकार आणि जामीनदार हे नेमणूक करणाऱ्या अधिकाराच्या नियमांवर सोपविले आहेत. हे तारण स्थावर मालमत्तेचे, वैयक्तिक हमीचे अथवा दोन्ही प्रकारचे असू शके. व्याख्येत सरकारी पदामुळे पैसा ताब्यात येणाऱ्यांबरोबरच ‘सरबराहकार’ हा शब्दही येतो. उर्दूत आज ‘सरबराह’ म्हणजे प्रमुख. या कायद्यातील सरबराहकार मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा कारभारी आहे. इंग्रजी कायद्यात हा फारसी शब्द तसाच ठेवावा लागला, यावरून हा कायदा जुन्या कारभाराच्या चौकटीवरच उभा होता हे स्पष्ट होते.

कायद्याने स्वतःचा हेतू ‘हिशेबी अधिकाऱ्यांच्या कसुरीमुळे होणारे नुकसान टाळणे’ असा सांगितला आहे. कसूर घडू नये यासाठी वरिष्ठांनी काय करावे, याविषयी तो मौन बाळगतो. कसूर झाल्यावर पैसा परत कसा मिळवावा एवढाच त्याचा विषय आहे.

२. ‘जामीन’ या शब्दाची परंपरा

तारणाची कल्पना इंग्रजांनी येथे नव्याने आणली असे नाही. जुन्या मराठी व फारसी व्यवहारात जामिनाचे तीन प्रकार रूढ होते. माणसाला हजर करण्याची हमी घेणारा तो हाजिरजामीन, देण्याची हमी घेणारा तो मालजामीन आणि वर्तनाची हमी घेणारा तो फेलजामीन. इस्लामी धर्मशास्त्रातही ‘कफाला’ या प्रकरणात व्यक्तीबद्दलची हमी आणि मालाबद्दलची हमी असा भेद केलेला आहे. ज्या ‘हिदाया’ ग्रंथात तो येतो, त्याचे चार्ल्स हॅमिल्टनकृत इंग्रजी भाषांतर १७९१ सालीच प्रसिद्ध झाले होते. तात्पर्य, कोणत्या गोष्टीची हमी कोण घेतो आहे, हे वेगवेगळे सांगण्याची भाषा येथे उपलब्ध होती.

१८५० च्या कायद्यात हे भेद उरत नाहीत. काम नीट करण्याबद्दलची हमी, म्हणजे एका अर्थी फेलजामीन, आणि रकमेबद्दलची हमी, म्हणजे मालजामीन, या दोन्ही एकाच तारणात येतात आणि शेवटी दोन्हींचे मोजमाप पैशातच होते. मराठी कचेरीच्या भाषेत ‘अनामत’ या शब्दाचेही असेच झाले आहे. अरबी ‘अमानत’ म्हणजे विश्वासाने सोपविलेली वस्तू आणि तो विश्वास सांभाळण्याचा गुणही. मराठीत अनामत म्हणजे भरून ठेवलेली रक्कम. गुणाचा अर्थ गळाला आणि रक्कम तेवढी उरली.

३. वसुलीची पद्धत

कायद्याचे खरे बळ चौथ्या कलमात आहे. हिशेबात तूट वा अफरातफर आढळल्यास कार्यालयप्रमुखाने हिशेबी अधिकाऱ्यावर आणि त्याच्या जामीनदारांवर, ती रक्कम जणू जमीन महसुलाची थकबाकी आहे असे मानून कारवाई करावी, अशी ही तरतूद आहे. ‘जणू’ या एका शब्दाने मोठे अंतर पार होते. सावकाराला कर्ज वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे, पुरावा द्यावा लागे, हुकूमनाम्याची वाट पाहावी लागे. येथे ज्याच्या कचेरीत तूट निघाली, तोच कारवाई सुरू करणारा.

महसुलाच्या थकबाकीची वसुली म्हणजे काय, हे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेवरून समजते. जंगम मालाची जप्ती व विक्री, स्थावराचा लिलाव, तसेच थकबाकीदाराची अटक व कैद हे मार्ग तीत सांगितले आहेत. महसुली अधिकाऱ्यांनी द्यावयाचे तारण आणि त्यांच्या जामीनदारांची जबाबदारी यांसाठी या संहितेत स्वतंत्र प्रकरणच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबईच्या कारभारात असलेल्या बेळगावसारख्या जिल्ह्यांतील वाचकांना ही परिभाषा परकी वाटणार नाही.

यात सर्वाधिक धोका पत्करणारा माणूस कचेरीत बसतच नव्हता. पुतण्याला वा जावयाला खजिन्यात जागा मिळावी म्हणून सही करणाऱ्या नातेवाइकाला चोपड्या पाहण्याचा अधिकार नव्हता आणि पगारातही त्याचा वाटा नव्हता. तूट निघाली की त्याच्या शेतापर्यंत मात्र सरकारचा हात पोहोचत असे. दुसरा परिणामही याच रचनेतून निघतो. ज्याच्यामागे मालमत्ता असलेला जामीनदार उभा नाही, त्याचा प्रामाणिकपणा कितीही निर्विवाद असला तरी तारण लागणारी जागा त्याच्या आवाक्याबाहेर राहते.

४. १८७२ च्या कायद्याशी तुलना

येथे असा आक्षेप घेता येईल की हमीचा स्वभावच असा आहे, त्यात वसाहतवादाचे विशेष काय? आक्षेप रास्त आहे. ब्रिटिश संसदेनेही १८१० साली सरकारी पदांसाठीच्या तारणाचे नियमन करणारा कायदा केला होता. १७६५ च्या सुमारास नजराणे न घेण्याचे करार कंपनीच्या गोऱ्या नोकरांकडूनही लिहून घेतले गेले. शिवाय चुकीची कारवाई झालेल्या हिशेबी अधिकाऱ्याला महसूल कायद्याखालील नुकसानभरपाईचा मार्ग १८५० च्या कायद्याने मोकळा ठेवला आहे. म्हणून केवळ ‘वसाहतवादी जुलूम’ एवढे म्हणून हा विषय संपत नाही.

परंतु त्याच राजवटीने केलेला १८७२ चा भारतीय करार कायदा शेजारी ठेवला की फरक उघड होतो. या कायद्याच्या १३९ व्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे. एकजण आपल्या उमेदवाराच्या सचोटीबद्दल मालकाला हमी देतो. महिन्यातून किमान एकदा उमेदवाराकडून रोकड मोजून घेण्याचे वचन मालक देतो, पण पाळत नाही. उमेदवार अफरातफर करतो. कायदा म्हणतो, जामीनदार बांधील नाही. १३३ व्या कलमाखालील उदाहरणात तर थेट कायद्याने ठरविलेल्या पदाचा उल्लेख आहे. पुढील कायद्याने त्या पदाचे स्वरूप मूलतः बदलले, तर जामीनदार त्यापुढच्या जबाबदारीतून मुक्त होतो.

म्हणजे हमी ही एकेरी नसते, हमी घेणाऱ्यावरही कर्तव्ये येतात, हे कायदेकर्त्यांना चांगले ठाऊक होते. १८५० च्या कायद्यात कार्यालयप्रमुखाला कारवाईचा अधिकार आहे. महिन्याला रोकड मोजण्याचे कर्तव्य त्यात कोठेही नाही. १८७२ च्या कायद्यातही सार्वजनिक कर्तव्याच्या रोख्याबाबत ७४ व्या कलमाला अपवाद जोडला आहे. इतर करारांत भंग झाल्यास न्यायालय वाजवी भरपाई ठरवते, पण कायद्यान्वये वा सरकारी हुकमाने सार्वजनिक कर्तव्यासाठी दिलेल्या रोख्यात लिहिलेली संपूर्ण रक्कम द्यावी लागते. खाजगी मालकाला लावलेली मोजपट्टी सरकारने स्वतःला लावली नाही.

५. निष्कर्ष

सार्वजनिक पैसा हा अखेर रयतेचा पैसा असतो. तो हाताळणाऱ्याकडून हमी मागणे गैर नाही. तेव्हा १८५० च्या कायद्याचा दोष तारण मागण्यात नाही. वसुलीचा मार्ग जामीनदाराच्या दारापर्यंत आखताना देखरेखीचा मार्ग वरिष्ठाच्या मेजापर्यंत त्याने आखला नाही, हा त्याचा दोष आहे. खालच्याने तारण द्यावे, नातेवाइकाने जोखीम घ्यावी आणि वरच्याने वसुली करावी, अशी ही वाटणी होती. तीत प्रामाणिकपणा वाढविण्याची योजना नव्हती. नुकसानीचा हिशेब दुसऱ्याच्या नावे टाकण्याची सोय तेवढी होती.

इतिहास, राज्यशास्त्र अथवा भाषा शिकविणाऱ्या अध्यापकांनी हा कायदा आणि करार कायद्यातील उपरोक्त दोन उदाहरणे विद्यार्थ्यांसमोर एकत्र ठेवावीत. मराठीत ‘जामीन राहणे’ आणि ‘जामीन मिळणे’ हे दोन्ही प्रयोग आजही चालतात. पहिल्यात माणूस आहे, दुसऱ्यात कागद. १८५० च्या कायद्याने कागद पाहिला. त्यावर सही करणारा माणूस पाहण्याचे काम अभ्यासकांकडे राहिले आहे.