चिप-८ : चांगला पहिला धडा, पण घड्याळाविना

जुने व्हिडिओ गेमचे यंत्र जवळ नसताना त्यातला खेळ संगणकावर कसा काय चालतो, हा प्रश्न आठवी-नववीची मुले हमखास विचारतात. ज्या प्रोग्रॅममुळे हे घडते त्याला एम्युलेटर म्हणतात. तो स्वतः लिहून पाहू इच्छिणाऱ्या नवशिक्याला बहुतेक मार्गदर्शक एकच सल्ला देतात : आधी चिप-८चा एम्युलेटर लिहा. हा सल्ला आता इतका रूढ झाला आहे की त्याची तपासणी सहसा होत नाही. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांपुढेही तो आज ना उद्या येणार, म्हणून या धड्याचे गुणदोष जरा बारकाईने पाहणे जरूर आहे.

पहिली गंमत अशी, की चिप-८ हे यंत्र नव्हेच. आर.सी.ए. कंपनीतील अभियंता जोसेफ वाइसबेकर यांनी १९७७ सालच्या ‘कॉस्मॅक व्हीआयपी’ या हौशी लोकांसाठीच्या छोट्या संगणकाकरिता ही आज्ञावली तयार केली. या संगणकाची मूळ स्मृती होती २ किलोबाइट. त्यातील १८०२ या मायक्रोप्रोसेसरच्या भाषेत खेळ लिहिणे जिकिरीचे होते. म्हणून वाइसबेकर यांनी एका काल्पनिक, सोप्या यंत्राच्या आज्ञा ठरवल्या आणि त्या वाचून पार पाडणारा प्रोग्रॅम अवघ्या ५१२ बाइटांत बसवला. म्हणजे मुळात व्हीआयपीवर चालणारी चिप-८ हीसुद्धा एक नक्कलच होती. (त्यांची मुलगी जॉइस हिने किशोरवयातच वडिलांच्या यंत्रांसाठी खेळ लिहिले होते, हे वर्गात जरूर सांगावे.)

धडा म्हणून चिप-८चे गुण मोठे आहेत. आज्ञा पस्तीसच्या आसपास, प्रत्येक आज्ञा दोन बाइटांची. सोळा रजिस्टर, म्हणजे एकेक आकडा ठेवायचे खण. पडदा ६४ × ३२ ठिपक्यांचा, आणि सोळा कळा. आकडे सोळाच्या पायात लिहितात, म्हणजे नऊनंतर ए, बी, सी असे एफपर्यंत. समजा स्मृतीत ६ए०५ ही आज्ञा आहे. यातला ६ सांगतो ‘खणात आकडा ठेव’, ए हे खणाचे नाव आणि ०५ हा ठेवायचा आकडा. पुढची आज्ञा ७ए०३ असेल तर त्याच खणात ३ मिळवायचे. खणात आता ८ आहेत. एम्युलेटरला करायचे असते ते इतकेच : पुढची आज्ञा वाचायची, ओळखायची, पार पाडायची आणि बोट एक घर पुढे सरकवायचे.

फळ्यावर चौकोन आखून एका मुलाला प्रोसेसर केले तर हे सर्व एका तासिकेत करून दाखवता येते. खेळ म्हणजे आकड्यांची यादी आणि यंत्र म्हणजे ती यादी वाचण्याचे नियम, हे मुलांच्या चटकन लक्षात येते. एका यंत्राचे वर्णन दुसऱ्या यंत्राला दिले की दुसरे पहिल्यासारखे वागू शकते, ही ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये मांडलेली कल्पना शाळेच्या फळ्यावर उतरवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

माझी तक्रार या पुढची आहे. हा धडा संपवून उठलेल्या मुलाला एम्युलेटर म्हणजे काय असे विचारा. तो म्हणेल, ‘दुभाषा. जुन्या यंत्राची भाषा नव्या यंत्राला समजावून देतो.’ लोकप्रिय लेखांतही हीच उपमा आढळते. ती सोयीची आहे, पण तिच्यात वेळेला जागाच नाही. दुभाष्याने वाक्य चार सेकंद उशिरा सांगितले तरी अर्थ बदलत नाही. जुन्या खेळयंत्रांत मात्र आज्ञा केव्हा पार पडली हाही तिच्या अर्थाचाच भाग असतो. यापेक्षा गायक आणि तबलजी यांची उपमा जवळची ठरेल. बोल सगळे बरोबर वाजले आणि सम चुकली, तर त्याला साथ म्हणत नाहीत.

खुद्द चिप-८मध्येही हे घड्याळ होते. व्हीआयपीवर चित्र काढण्याची आज्ञा आली की प्रोग्रॅम पडद्याच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबून राही. बेरजेची आज्ञा तशी थांबत नसे. आजच्या अभ्यासात मात्र नवशिक्याला सांगितले जाते, की सेकंदाला पाचशे किंवा सातशे आज्ञा चालवा आणि खेळ बरा वाटेपर्यंत आकडा बदलत राहा. प्रयोगशाळेत कोणी असा स्थिरांक ठरवला तर आपण त्याला वही पुन्हा लिहायला लावू.

या सवयीची किंमत पुढच्याच पायरीवर मोजावी लागते. चिप-८ जमल्यावर मूल वळते निन्टेन्डोच्या फॅमिकॉमकडे. हे यंत्र १९८३ मध्ये जपानात आले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत त्याचीच स्वस्त नक्कल टीव्हीला जोडलेली असे आणि कार्ट्रिजमध्ये फुंकर मारून खेळ सुरू करण्याचा विधी चाले. त्याच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके पडतात. शेजारी चित्र काढणारी वेगळी चिप असते. ती प्रोसेसरच्या एका ठोक्यात तीन ठिपके पुढे जाते. एका ओळीत ३४१ ठिपके, एका चित्रात २६२ ओळी (यांतल्या काही ओळी आणि ठिपके पडद्यावर दिसत नाहीत). गुणाकार ८९,३४२, त्याला तीनने भागले की एका चित्रामागे प्रोसेसरला सुमारे २९,७८० ठोके मिळतात. सेकंदाला अशी साठ चित्रे.

आता १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ पाहा. वर गुणांची पट्टी स्थिर असते आणि खालचे जग डावीकडे सरकते. पण चित्र किती सरकवायचे हे सांगणारी नोंद एका वेळी एकच. मग पट्टी स्थिर कशी राहते? पट्टीतील नाण्याच्या तळाशी एक छोटे चित्र मुद्दाम ठेवलेले असते. चित्र काढता काढता चिप तेथे पोचली की एक निशाण वर करते. प्रोसेसर तोपर्यंत दुसरे काही न करता त्या निशाणाकडे पाहत असतो. निशाण वर होताच तो थोडा थांबून सरकवण्याची नोंद बदलतो आणि उरलेले चित्र सरकलेले उमटते.

चिप-८वर तयार झालेला विद्यार्थी काय करतो? एका चित्राइतक्या आज्ञा आधी उरकतो आणि मग चित्र एकदम रंगवतो. चिप-८ला हे चालून गेले होते. येथे मात्र निशाण खाली-वर होताना प्रोसेसरला कधी दिसतच नाही आणि खेळ जागच्या जागी अडकतो. प्रोसेसरची एकेक आज्ञा तपासली तर सगळ्या बरोबर असतात. बिचारा विद्यार्थी भाषांतरातली चूक शोधत रात्र घालवतो, कारण एम्युलेटर म्हणजे भाषांतर असे आपणच त्याला सांगितलेले असते.

वेळ पाळणे किती महाग पडते, याचे एक उदाहरण. १९९० च्या सुपर फॅमिकॉमचा मुख्य प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झने चालतो. बीएसएनईएस या एम्युलेटरच्या कर्त्याने २०११ मध्ये असे मांडले, की या यंत्राची अगदी काटेकोर नक्कल करायची तर ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा संगणक हवा. म्हणजे आठशे पटींहून अधिक वेग! दुभाष्याच्या उपमेतून या आकड्याचा उलगडा होत नाही. मूळ यंत्रातल्या चिपा एकाच वेळी आपापले काम करतात. नकलेत एकीला थोडे चालवायचे, थांबवायचे, दुसरीला तेथपर्यंत आणायचे, असा खेळ सेकंदाला लाखो वेळा चालतो. नव्वदच्या दशकातले एम्युलेटर याहून कितीतरी मंद संगणकांवर चालत, ते वेळेच्या बाबतीत तडजोड करून. त्यांना मी नावे ठेवणार नाही; त्या संगणकांवर दुसरा मार्ग नव्हता.

तेव्हा चिप-८ टाकून देऊ नये, पण फळ्यावरच्या त्या तासिकेला दुसरी तासिका जोडावी. आता दोन मुले घ्या, एक प्रोसेसर आणि एक चित्रकार. तिसऱ्याने टाळी वाजवायची. चित्रकार दर टाळीला चौकटीच्या कागदावरची तीन घरे पुढे जातो आणि खूण केलेल्या घरावर आला की हात वर करतो. प्रोसेसरची एक आज्ञा दोन ते सात टाळ्या खाते. हात वर दिसला की त्याने ‘रंग बदल’ म्हणायचे. एकदा असे व्यवस्थित खेळून झाले की टाळ्या बंद करा आणि प्रोसेसरला सांगा, ‘आधी तुझ्या सगळ्या आज्ञा संपव, मग चित्रकार सुरू करील.’ प्रोसेसर झालेला मुलगा हाताकडे पाहत उभा राहतो, चित्रकार त्याचे संपायची वाट पाहत बसतो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडते, ‘सर, हे अडकले!’