‘बनगरवाडी’तील माळ आणि माणसे

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील, माणदेशच्या माळावरील एका धनगरवाडीत राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो, एवढेच तिचे कथानक. परंतु हा माळ केवळ देखावा नाही. तेथील माणसांच्या तंट्याला आणि तगून राहण्याला तोच आकार देतो.

वाडी साऱ्या जगापासून दूर आहे. दादू बालट्या मास्तरावर डूख धरतो. खुद्द कारभारीही गैरसमजाने त्याच्याशी अबोला धरतात. एवढ्याशा वस्तीत रुसलेल्या माणसालाही रोज तीच तोंडे पाहावी लागतात, आणि आज ज्याच्याशी वैर त्याचीच उद्या गरज पडते. म्हणून येथे भांडणाला मर्यादा आहे. आनंदा रामोशी चोऱ्या करतो हे ठाऊक असूनही वाडी त्याला आपला मानते. तालीम बांधायची ठरते, तेव्हा माणसे आपले श्रम देतात.

या एकोप्याचे गुणगान करून लेखक थांबत नाही. दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात. ज्या दूरपणाने माणसांना एकत्र बांधले, तोच आता त्यांच्या जिवावर उठतो. तंट्याने जी वाडी मोडली नाही, ती पावसाने मोडते.

एक उणीव मात्र जाणवते. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला जुंपून घेते. तिचे कष्ट आपण पाहतो. तिचे मन आपल्याला कळत नाही. कथा सांगणारा मास्तर पगारदार, बाहेरचा. वाडी सोडताना त्याला दुःख होते, पण पुढची भाकरी शोधावी लागत नाही.

सरावलीत बसून हा शेवट वाचताना मन अडखळते. वाडी सोडून गेलेल्यांच्या मागोमाग कादंबरी जात नाही. परंतु पोटासाठी गाव सोडून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे आलेली कितीतरी कुटुंबे आज आपल्या शेजारी राहतात. येथे भिंतीला भिंत लागून आहे, तरी एकमेकांची गरज भासत नाही. म्हणूनच आपला अबोला वर्षानुवर्षे टिकतो. माळावर तो टिकणे कुणालाच परवडत नव्हते. पुस्तक मिटल्यावर, वाचकहो, आपल्या शेजारच्या दाराकडे एकवार पाहावे.